गालील समुद्राकाठचा एक दिवस: कुठून सुरू करायचा, काय सोडायचं आणि कुठे नुसतं बसायचं

पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या ग्रुपने एका दिवसात आठ ठिकाणं केली. केली म्हणजे काय, बसमधून उतरलो, फोटो काढले, मोजणी झाली, परत बसमध्ये. डोंगरावरच्या प्रवचनाच्या चर्चपाशी आम्ही पोचलो दुपारी बाराच्या सुमारास आणि गेट बंद. आमच्या टूरवाल्याला माहीतच नव्हतं की तिथे दुपारी दोनेक तास बंद ठेवतात. चाळीस माणसांनी बसच्या काचेतून घुमट बघितला आणि पुढे निघालो. माझ्या शेजारी बसलेल्या आजी वसईहून खास त्याच जागेसाठी आल्या होत्या, त्या गप्पच बसल्या.

म्हणून दुसऱ्या वेळी मी, आई आणि माझा भाऊ असे तिघंच गेलो, गाडी भाड्याने घेतली आणि दिवस आपल्या हिशोबाने लावला. आई एकाहत्तरची, गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे चढउतार कुठे आहे, सावली कुठे आहे, बाथरूम कुठे आहे हे सगळं बघून ठेवलं होतं. खालचं सगळं त्यातूनच आलंय. तुम्ही ग्रुपने जाणार असलात तरी वाचा, म्हणजे निदान टूरवाल्याला आधीच विचारता येईल की बाबा, हे कोणत्या क्रमाने करणार आहेस.

आधी थोडं भूगोलाचं

गालील समुद्र म्हणतात पण ते इस्राएलच्या उत्तरेतलं गोड्या पाण्याचं तळं आहे. उत्तर-दक्षिण साधारण २१ किलोमीटर, रुंदी १३, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, म्हणजे जगातलं सगळ्यात खाली असलेलं गोड्या पाण्याचं तळं हेच. यार्देन (जॉर्डन) नदी उत्तरेकडून आत येते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. तिथले लोक त्याला किनेरेत म्हणतात, आणि आपल्या बायबलमध्ये गनेसरेत सरोवर, तिबिर्याचा समुद्र अशी जी नावं येतात ती सगळी ह्याच एका पाण्याची.

आपल्याला लागणारी बरीचशी ठिकाणं वायव्य आणि उत्तर किनाऱ्यावर एकाला लागून एक आहेत. तिबिर्या शहरातून ९० नंबरच्या रोडने उत्तरेला निघालात की सहाएक किलोमीटरवर मग्दला, मग गिनोसार, मग ताबघा, आणि ताबघाहून तीनेक किलोमीटरवर कफर्णहूम. धन्योद्गारांची टेकडी, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन झालं असं मानतात ती, ताबघाच्या बरोब्बर वर. सगळं मिळून वसई ते विरार दोनदा जाऊन येण्याएवढंसुद्धा अंतर नाही, मग वेळ का पुरत नाही तर क्रम चुकतो म्हणून.

कधी जायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर डोंगर हिरवे असतात आणि लाल रानफुलं आलेली असतात, हवा पण बरी. नोव्हेंबर पण चांगला. जुलै-ऑगस्ट शक्यतो नको, खोलगट जागा असल्याने ऊन नुसतं साचून राहतं, आपल्या मे महिन्यासारखं चिकट, पारा चाळिशीला टेकतो आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वार. शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, तेव्हा सरकारी बसेस जवळजवळ बंद, तिबिर्यातली बरीच हॉटेलं-दुकानं बंद, आणि मोठ्या हॉटेलात एक लिफ्ट, बटण दाबायला लागू नये म्हणून, आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, आम्ही पहिल्यांदा अकराव्या मजल्यावर जाताना बिघडलीय समजून मध्येच उतरलो. आपली चर्चेस शनिवारी उघडी असतात, पण गाडी नसेल तर तिथे पोचणार कसं? उलट रविवार तिथे कामाचा दिवस, शाळा-ऑफिसं सगळं चालू, फक्त सकाळी चर्चमध्ये मिस्सा (उपासना) असते तेव्हा आत फिरता येत नाही. सोमवार ते गुरुवारातला कुठलाही दिवस घ्या.

आणि हे सांगायलाच हवं, ऑक्टोबर २०२३ पासून तिकडची परिस्थिती कधी शांत कधी तंग असते, उत्तरेचा भाग तर सीमेला लागूनच. तिकीट काढायच्या आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय आहे ते बघा, इन्शुरन्सच्या बारीक अक्षरात युद्धाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि हॉटेलात पोचल्यावर सेफ रूम कुठे आहे ते पहिल्यांदा विचारून घ्या. घाबरवत नाहीये, तिथले लोकही हेच करतात.

आदल्या रात्री मुक्काम तळ्याकाठीच

जेरुसलेमहून सकाळी निघून त्याच दिवशी परत, असा प्लॅन बरेच जण करतात. करू नका. एका बाजूला दीडशेच्या वर किलोमीटर, दोन-अडीच तास, तुम्ही पोचेपर्यंत सकाळ गेलेली असते आणि सकाळ हाच तर ह्या जागेचा जीव आहे. तिबिर्यात सगळ्या बजेटची हॉटेलं आहेत. टेकडीवर सिस्टरांचं गेस्टहाऊस आहे, ताबघाला यात्रेकरूंसाठी पिल्ग्रिमहाऊस आहे, पण तिथे महिनोन् महिने आधी बुकिंग करावं लागतं. नाझरेथलाही राहता येतं, तीसेक किलोमीटर.

गाडी नसेल तर तिबिर्याच्या बस स्टँडवरून उत्तरेला जाणाऱ्या बसेस कफर्णहूम जंक्शनला सोडतात, तिथून पायी ताबघा. जमण्यासारखं आहे, पण पन्नाशीच्या पुढचं कोणी सोबत असेल तर टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवा आणि पैसे आधी बोलून घ्या.

बॅगेत काय? टोपी, पाणी, शाल किंवा ओढणी, आणि छोटं बायबल किंवा फोनमध्ये मराठी बायबल डाउनलोड करून. कपडे असे की खांदे आणि गुडघे झाकले जातील, पुरुषांनाही लागू. कफर्णहूमला गेटवरच बघतात आणि बर्म्युडावाल्यांना खरंच परत पाठवतात, माझ्या भावाने आईची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून प्रवेश मिळवला, फोटो आहे माझ्याकडे.

ग्रुपसोबत फादर असतील आणि तुम्हाला स्वतःची मिस्सा हवी असेल तर ते आयत्या वेळी होत नाही. फ्रान्सिस्कन लोकांच्या ताब्यातल्या जागांचं बुकिंग जेरुसलेमच्या ख्रिश्चन इन्फर्मेशन सेंटरमधून होतं, आणि फादरांनी मिस्सा करायला परवानगी असल्याचं बिशप हाउसचं पत्र, सेलेब्रेट म्हणतात ते, सोबत ठेवायला हवं. वेळ मागताना सकाळची आणि पाण्याकाठची उघड्यावरची वेदी मागा.

पहाटे नाही, पण आठला गेटवर: धन्योद्गारांची टेकडी

वरून खाली यायचं, हा माझा पहिला नियम. आठला गेट उघडतं, बसेस नऊनंतर यायला लागतात, तो एक तास तुमचा. उशीर केलात तर तीच दुपारची सुट्टी आडवी येते, आमच्या पहिल्या ग्रुपसारखी.

चर्च १९३८ चं, इटालियन आर्किटेक्ट बार्लुझीचं काम. आठ कोनी आहे कारण धन्योद्गार आठ, आणि घुमटाखालच्या आठ खिडक्यांवर एकेक वाक्य लॅटिनमध्ये. आम्ही काय केलं, आईने एकेका खिडकीखाली उभं राहून मराठीतून ते ते वचन हळू आवाजात म्हटलं, 'जे आत्म्याने दीन ते धन्य' पासून. आत मोठ्याने बोलायला बंदी आहे, गाइडलाही आत समजावू देत नाहीत, त्यामुळे जे काही वाचायचं, समजून घ्यायचं ते बाहेर बागेत.

बाग फार सुंदर ठेवलीय. बाहेरच्या ओसरीवरून खाली सगळं तळं दिसतं. एक गंमत, ही टेकडी पाण्यापासून दोनशे मीटरच्या आसपास उंच, तरीही समुद्रसपाटीपेक्षा पंचवीसेक मीटर खालीच. म्हणजे तुम्ही डोंगरावर उभे आहात आणि वसईचा समुद्र तुमच्या डोक्याच्या वर आहे असं समजा.

इथून खाली ताबघाला पायवाट जाते, अर्धा तास लागतो, दगडगोटे आहेत, चप्पल नको. पाय धड असतील तर चालतच जा कारण पाणी हळूहळू जवळ येत जातं. आम्ही बहीण-भावाने चिठ्ठ्या टाकल्या, तो हरला, आईला घेऊन गाडीने गेला.

ताबघा: भाकरी आणि मासे

ताबघा हे नाव ग्रीक हेप्टापेगॉनचा अपभ्रंश, म्हणजे सात झरे. झऱ्यांचं पाणी कोमट, आपल्या वज्रेश्वरीएवढं कढत नाही पण थंडीच्या दिवसांत मासे त्या उबेला येतात आणि म्हणून कोळीही इथेच जाळी टाकत आले. शुभवर्तमानात येशूचा कोळी शिष्य पेत्र आणि मंडळी सारखी ह्याच बाजूला का दिसतात त्याचा एक सरळ हिशोब हा पण आहे.

पाच भाकरी आणि दोन माशांचं चर्च बेनेडिक्टाइन संन्याशांकडे आहे. आत्ताची इमारत १९८० च्या दशकातली, पण जमिनीवरचं मोझॅक पाचव्या शतकातलं. २०१५ च्या जूनमध्ये इथे आग लावली गेली होती, चर्चच्या बाजूच्या भागाचं बरंच नुकसान झालं, मोझॅक वाचलं.

सगळे जण वेदीपुढच्या त्या टोपली आणि दोन माशांच्या चित्राकडे धावतात. तुम्हीही धावा, पण टोपलीतल्या भाकरी मोजा. चारच दिसतात, प्रत्येकीवर क्रूस. पाचवी कुठे गेली? तर ती वर वेदीवर, मिस्सेची भाकर, असं तिथे समजावतात. आणि माझ्या भावाने, ज्याचं अर्धं आयुष्य पाचूबंदरच्या मच्छी मार्केटात गेलंय, त्याने लगेच खोट काढली की चित्रातल्या माशांच्या पाठीवर दोन-दोन पर आहेत आणि ह्या तळ्यातल्या माशाला एकच लांब पर असतो, म्हणजे ज्याने काढलं त्याने हा मासा कधी खाल्लेला नाही. खरंच आहे ते, अभ्यासकही हेच म्हणतात. ह्या घाईत बाजूच्या मोझॅककडे कोणी बघत नाही, तिथे बदकं, बगळे, कमळं, पाणवनस्पती असं सगळं भरलंय, माझ्या मते तेच जास्त देखणं आहे.

नुसतं बसायची जागा: पेत्राचं चर्च

दुसरं काहीही सोडलंत तरी चालेल, हे सोडू नका. भाकरीच्या चर्चपासून चालत पाच मिनिटं. काळ्या दगडाचं लहानसं चर्च, १९३३ चं, आत एक मोठा ओबडधोबड खडक जमिनीतून वर आलेला. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांसाठी विस्तव करून मासे भाजले आणि 'या, न्याहारी करा' म्हणाला, ती ही जागा असं मानतात. त्याच सकाळी १५३ मासे जाळ्यात आले आणि पेत्राला तीनदा विचारलं गेलं, माझ्यावर प्रेम करतोस का. सहावे पॉल १९६४ ला आणि दुसरे जॉन पॉल २००० साली, दोन पोप इथे येऊन गेलेत.

बाजूने खडकात कोरलेल्या पायऱ्या पाण्याकडे जातात, चौथ्या शतकात आलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईच्या नावावरच्या वर्णनातही त्या आहेत. पाणी कमी असेल तर काठाला पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे दगड दिसतात, जुन्या खांबांच्या बैठका त्या. बूट काढा, पाण्यात पाय सोडा आणि योहानाचा एकविसावा अध्याय काढून मोठ्याने वाचा, घरचाच कोणीतरी वाचेल, फादर लागत नाहीत त्याला. काठावर बारीक गोटे आहेत, पायाला टोचतात, आईला बसायला आम्ही घडीची छोटी खुर्ची नेली होती ती इथे कामाला आली. पाऊण तास ठेवा. पहिल्या वेळी आम्हाला बारा मिनिटं मिळाली होती, मी घड्याळ बघितलं होतं.

कफर्णहूम, जेवणाच्या आधी

ताबघापासून काठाकाठाने फरसबंद वाट जाते, तीन किलोमीटर, सपाट, पण सावली कमी. अकराच्या आत निघा नाहीतर गाडीने जा. गेटवर 'येशूचं गाव' अशी पाटी, किरकोळ प्रवेश फी, सुट्टे शेकेल ठेवा.

प्रभूने नाझरेथ सोडल्यावर इथेच मुक्काम केला, त्यामुळे शुभवर्तमानातला केवढातरी भाग ह्या एवढ्याशा गावात घडतो, पेत्राच्या सासूचा ताप, छत उघडून खाली सोडलेला पक्षाघाती, शताधिपतीचा चाकर. आत शिरल्यावर घरांचे अवशेष सगळे काळ्या दगडाचे. आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा बेसॉल्ट आहे तो, आणि ओळीने मांडलेली जाती बघून आई म्हणाली, आमच्या घरी अशीच होती ग, फक्त ही कमरेएवढी.

पेत्राचं घर म्हणून जे मानतात त्याच्यावर पाचव्या शतकात आठ कोनी चर्च बांधलं होतं, आणि आता त्याच्याही वर खांबांवर उचललेलं १९९० चं नवीन चर्च. बाहेरून खरं सांगायचं तर उडती तबकडी उतरल्यासारखं दिसतं, मला अजिबात आवडलं नाही, पण आत मधोमध काचेची जमीन आहे आणि खाली ते घर दिसतं. १९६८ पासूनच्या खोदकामात इथल्या एका खोलीच्या गिलाव्यावर जुन्या यात्रेकरूंनी ग्रीक आणि सीरियाक भाषेत खरडलेलं सापडलं. म्हणजे भिंतीवर नाव लिहायची खोड आपल्याकडचीच नाही.

समोरच पांढऱ्या चुनखडीचं सभास्थान, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हे येशूच्या काळातलं नाही, चौथ्या-पाचव्या शतकातलं आहे, गाइड घाईत तेवढं सांगत नाहीत. पण कोपऱ्यात जाऊन खाली बघा, पांढऱ्या भिंतीखाली काळ्या दगडाचा पाया डोकावतो, आणि जुन्या सभास्थानाची निशाणी तिथे शोधायची. एका कोरीव दगडावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेला कोश, ज्यूंची पवित्र पेटी, आहे, तोही बघून घ्या.

जेवण: पेत्राचा मासा म्हणजे आपली चिलापी

तळ्याकाठच्या हॉटेलांत सगळीकडे सेंट पीटर्स फिश. स्थानिक नाव मुश्त. जात तिलापियाची, म्हणजे उजनीच्या काठावर तळून मिळते ती आपली चिलापी, तिचीच मावसबहीण. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राला गळाला लागलेल्या माशाच्या तोंडात नाणं सापडतं, त्यावरून हे नाव. डोक्यासकट अख्खा तळून किंवा भाजून, सोबत लिंबू, सॅलड, चिप्स. मीठ सोडलं तर मसाला शून्य. आईने पर्समधून बॉटल मसाल्याची पुडी काढली तेव्हा मला लाज वाटली होती, पाच मिनिटांनी मीच मागितली. काटे असतात, मुलांना जपून द्या. महाग वाटलं तर फलाफल पोटभर आणि स्वस्त.

जाता जाता, इस्राएलमध्ये मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू बरेच आहेत, पण ते जास्त करून दिमोना, बेरशेबा, अश्दोद अशा दक्षिणेच्या भागांत, इथे तळ्यावर मराठी ऐकू येईल अशी आशा ठेवू नका.

दुपार: मग्दला आणि ती जुनी होडी

उन्हाच्या वेळेला आतमध्ये असलेल्या जागा ठेवायच्या. मग्दलाला २००९ मध्ये यात्रेकरूंसाठी गेस्टहाऊसचा पाया खणताना पहिल्या शतकातलं सभास्थान निघालं, आणि त्यात मेनोरा, म्हणजे ज्यूंची सात फांद्यांची समई, कोरलेला दगड. हे मात्र खरोखर येशूच्या काळातलं. मग्दालीया मरीयेचं गाव असल्याने नवीन चर्चच्या दालनात आठ खांब आहेत, सातांवर शुभवर्तमानातल्या बायकांची नावं आणि आठवा कोरा, सगळ्या श्रद्धावंत बायकांसाठी. आईने त्या कोऱ्या खांबाला हात लावून माझ्या आजीचं नाव घेतलं. मुख्य वेदी होडीच्या आकाराची आणि मागे काचेतून तळं.

गिनोसारला होडीचं म्युझियम. १९८६ च्या दुष्काळात पाणी खूप आटलं तेव्हा तिथल्या दोघा मच्छीमार भावांना चिखलात लाकूड दिसलं, आणि ती निघाली दोन हजार वर्षांपूर्वीची होडी, आठ मीटरपेक्षा थोडी लांब. येशूची होडी असं बोर्डावर लिहितात, तसा पुरावा काही नाही, त्या काळातली आहे इतकंच. पण बघाच, कारण ती डझनभर जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून-जोडून बनवलेली आहे, कोणा गरीब माणसाने मिळेल ते लावून चालवलेली. भाऊ तिथून हलायला तयार नव्हता.

बोट, वाऱ्याचं बघून

लाकडी बोटी गिनोसार आणि तिबिर्याहून सुटतात. ग्रुपचं बुकिंग आधी लागतं, तिघे-चौघे असाल तर धक्क्यावर विचारा, एखाद्या ग्रुपसोबत घेतात. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाणी चांगलंच उसळतं, शिष्य घाबरले त्यात नवल नाही, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी उन्हाळ्यात बोट सकाळी आठला करायची आणि टेकडी नंतर लगेच, दुपारच्या सुट्टीआधी. थंडीत संध्याकाळी चारनंतर मस्त.

भारतीय म्हटल्यावर बोटीवर तिरंगा चढवतात आणि जन गण मन लावतात. आई हलत्या बोटीवर रॉड धरून ताठ उभी. मग बोटवाला पाग (फेकायचं जाळं) फेकून दाखवतो, रिकामाच येतो, सगळे हसतात.

यार्देनित करायचं का?

तळ्याच्या दक्षिण टोकाला, जिथून यार्देन बाहेर पडते, तिथे १९८१ पासून बाप्तिस्म्याची जागा केलीय, पांढरे झगे भाड्याने, पायऱ्या, रेलिंग, मोठं दुकान. प्रभूचा बाप्तिस्मा परंपरेने यरीहोजवळ कस्र-अल-याहूदला मानतात, तिथे जाणार असाल तर हे सोडा. नसाल तर संध्याकाळी शेवटी ठेवा. आपण कॅथलिक लोक दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेत नाही, बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करतो, तेवढं ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना आधी समजावून ठेवा. पायऱ्या शेवाळामुळे गुळगुळीत आहेत, एकाने हात धरायचा. बाहेर पडायची वेळ आधी विचारून घ्या.

पाणी न्यायचं असेल तर रिकामी बाटली घरून न्या, दुकानातली महाग पडते. हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका, झाकणाला टेप लावा आणि वर प्लास्टिकची पिशवी. अवशेषांच्या जागेवरून दगड, खापर काही उचलू नका, बेकायदा आहे आणि परतीच्या विमानतळावर बॅगा नीट उघडून बघतात, तिथे तीन तास आधी पोचा.

टेप मी दोन बाटल्यांना लावली, तिसरीला विसरले. घरी येऊन बॅग उघडली तर आईची रविवारची साडी ओलीचिंब. मी म्हटलं मशीनला टाकते, तर आई म्हणाली, धुऊ नको, तशीच वाळत घाल.